फासेल व्हेगाच्या नावाखाली गेलेले साडेनऊ हजार युरो

मी अकरा वर्षं फ्रान्समध्ये, ल्योंला नोकरी करतो. मागच्या मार्चमध्ये फासेल व्हेगा एचके 500 या जुन्या फ्रेंच गाडीसाठी 9,500 युरो विसार दिला. गाडी मिळाली नाही, पैसेही गेले. जुन्या गाड्यांच्या नादातले आपले काही लोक इथून गाडी घ्यायचं बघतायत, म्हणून सगळं लिहितोय.

झाँ दानिनोस यांची फासेल ही मुळात दुसऱ्या कंपन्यांना बॉड्या करून देणारी कंपनी. स्वतःच्या नावाची गाडी त्यांनी 1954 मध्ये आणली आणि 1964 मध्ये कंपनी बंद झाली. एचके 500 निघाली 1958 ते 1961, पाचशेसुद्धा भरल्या नाहीत. लांब बॉनेट, एकावर एक हेडलाइट, कडेपर्यंत वळत गेलेली पुढची काच, आणि आत क्रायस्लरचं व्ही-8 इंजिन. ते अमेरिकन इंजिन कधी दगा देत नव्हतं. कंपनीला बुडवलं ते फासेलिया या त्यांच्याच लहान गाडीसाठी खास बनवून घेतलेल्या फ्रेंच इंजिनानं. आज चौकशीला फोन करावा असा कारखाना नाही, आणि फसवणारे नेमका याचाच फायदा घेतात.

माझा जीव जडला होता तो डॅशबोर्डवर. बघताना अक्रोडाचं लाकूड वाटतं, पण असतो पत्रा, त्यावर हातानं रंगवलेल्या रेषा. लहानपणी आमच्या घरातल्या लोखंडी कपाटावर पेंटरनं कंगवा फिरवून सागवानी रेषा काढल्या होत्या. मी शेजारी बसून तासन्‌तास बघत होतो. फासेलचा डॅशबोर्ड पहिल्यांदा पाहिला तेव्हा तेच आठवलं.

विकणारा म्हणाला, आजोबांची गाडी आहे, ते वारले, लीलमधलं घर रिकामं करायचंय. किंमत बाजारभावाच्या निम्म्याच्या आसपास. बोलणं अगदी गोड. चौतीस फोटो पाठवले. गाडीवर कर्जाचा बोजा नाही, ती चोरीची नाही, असा सरकारी दाखला इथं फुकट निघतो. तो मागितला तर म्हणाला, व्यवहाराच्या दिवशी हातात देतो. चॅसिस नंबरचा फोटो आला तो अस्पष्ट. मग गुरुवारी फोन, की शनिवारी एक डच गिऱ्हाईक येतंय. मी त्याच संध्याकाळी पैसे पाठवले. खातं दुसऱ्याच देशातलं होतं. तेव्हाच थांबायला हवं होतं.

शनिवारी पहाटेची ट्रेन पकडून लीलला गेलो. दिलेल्या पत्त्यावर गालिचे धुण्याचं दुकान होतं. तिथल्या बाईंनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं, या महिन्यात तुम्ही दुसरे.

नंतर फासेल मालकांच्या क्लबातल्या एका वयस्कर गृहस्थांना ते फोटो दाखवले. त्यांनी डॅशबोर्डचे दोन फोटो शेजारी ठेवले आणि घड्याळाच्या बाजूला बोट ठेवलं. एकात रेषा गाठीला वळसा घालून खाली उतरत होत्या, दुसऱ्यात तिथं गाठच नव्हती. रेषा हातानं काढलेल्या, त्यामुळे दोन गाड्यांचे डॅशबोर्ड तंतोतंत सारखे नसतात. म्हणजे फोटो किमान दोन वेगळ्या गाड्यांचे होते. मग त्यांनी विकणाऱ्याच्या मेलमधलं एक वाक्य दाखवलं: ‘बंपर नव्याने क्रोम करून घेतले आहेत.’ फासेलचे बंपर स्टेनलेस स्टीलचे असतात, त्यांना क्रोम लागतच नाही. ज्याच्या घरात ही गाडी आहे तो असं लिहिणार नाही. हे दोन्ही मला आधीपासून ठाऊक होतं. स्वस्तात मिळतेय या आनंदात मी ते ताडून बघितलं नाही.

पोलिसांत तक्रार दिली. बँकेनं पैसे परत मागवायचा प्रयत्न केला, पण तोवर ते खातं रिकामं झालं होतं. तुम्ही घेत असाल तर नोंदणीपत्रावरचं नाव आणि खात्यावरचं नाव एकच आहे का ते बघा, आणि गाडीला स्वतः हात लावल्याशिवाय एक युरोही सोडू नका. क्लबातल्या लोकांना आधीच विचारा, ते आनंदानं मदत करतात.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. आता गाव बोर्दो आहे आणि गाडी आजोबांऐवजी काकांची झालीय. घड्याळाशेजारच्या गाठीचा फोटो तोच आहे. मी तो पोलिसांना पाठवलाय.