इंग्रजी वाक्य: भाषांतरातून की साच्यातून?

इंग्रजीची पहिली वाक्यं शिकवायच्या दोन वाटा आहेत. जुनी म्हणजे नाम, क्रियापद ओळखून मराठी वाक्याचं भाषांतर करायचं. दुसरीत 'डॉग्ज बार्क', 'बर्ड्स फ्लाय' असा तयार साचा घ्यायचा आणि त्यात शब्द बदलत राहायचं.

महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे कर्ता, कर्म ही नावं कानावर पडण्याआधीच मुलासमोर इंग्रजी येतं. त्याला भाषांतराला बसवण्यात काही अर्थ नाही, साचाच द्या.

मोठ्यांना भाषांतर सोपं वाटतं, पण अडचण तिथेच आहे. 'कुत्रा माणसाला चावला' म्हणा किंवा 'माणसाला कुत्रा चावला', चावणारा कुत्राच. 'ला' सगळं सांभाळून घेतो. इंग्रजीत हे काम जागा करते. 'द डॉग बिट द मॅन'मधली नामं उलटी केलीत तर माणूसच कुत्र्याला चावेल! शिवाय 'सीमाने आंबा खाल्ला, पोळी खाल्ली' यात आपलं क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं. इंग्रजीत दोन्हीकडे 'एट'च, आणि वर्तमानकाळात लक्ष कर्त्याकडे: 'आय ईट', पण 'सीमा ईट्स'.

आणखी एक गोष्ट भाषांतराच्या वहीत सहसा सापडत नाही. 'भाजी घेतलीस?' 'हो, घेतली.' या उत्तरात कर्ता नाही, कर्म नाही, तरी आपलं भागतं. इंग्रजीत 'येस, बॉट' म्हणून चालत नाही. 'येस, आय बॉट इट' असं दोन्ही जागा भरूनच बोलावं लागतं. ही सवय साच्यानेच लागते. फक्त क्रियापदं निवडून घ्या: 'स्लीप'पुढे कर्म नको, 'बाय'पुढे हवंच, आणि 'गिव्ह'ला बहुतेकदा दोन लागतात.

साचा अडतो तो नकारात. 'सीमा ईट्स'वरून मूल बिनधास्त 'सीमा ईट्स नॉट' म्हणतं. 'डझ नॉट ईट'मध्ये तो 'स' 'डू'कडे कसा गेला, हे मराठीत समजावूनच सांगावं लागतं. 'मला दोन भाऊ आहेत'चं 'आय हॅव टू ब्रदर्स' होतं, तेही तसंच.

मुलाखतीसाठी बोलायचं असेल, तर मोठ्यांनीही आधी साचेच घोटावेत. अर्ज-पत्रंच लिहायची असतील तर भाषांतराची वही चालेल, मात्र प्रत्येक वाक्यात कर्ता आणि क्रियापद अधोरेखित करून.