काळोखाची गाणी: फिशर-डिस्काऊ आणि मूर यांचा शूबर्ट संच

भुताखेतांच्या आणि मृत्यूच्या वाटेने जर्मन गाण्यांत शिरायचं असेल, तर संगीतकार फ्रान्झ शूबर्टच्या गाण्यांचा, डॉयच ग्रामोफोन या ध्वनिमुद्रण कंपनीचा हा २१ सीडींचा संच घ्या. गायक डीट्रिख फिशर-डिस्काऊ, पियानोवर जेराल्ड मूर, ध्वनिमुद्रण १९६६ ते १९७२. ४०० हून जास्त गाणी आहेत, ती सलग ऐकू नका. 'एर्लक्योनिग' (पिशाच्चांचा राजा), 'डेअर टोड उंड डास मेडशेन' (मृत्यू आणि मुलगी) आणि 'डेअर डोपेलगेंगर' (आपलंच दुसरं रूप) ही तीन आधी घ्या, अनुवाद समोर ठेवून.

'एर्लक्योनिग' शूबर्टने १८१५ मध्ये, अठराव्या वर्षी रचलं. कविता जर्मन कवी ग्योटेची, १७८२ ची. तापलेल्या मुलाला घेऊन बाप रात्री घोडा दौडवतोय आणि पोराला पिशाच्चांचा राजा बोलावतोय. निवेदक, बाप, मुलगा आणि तो राजा, चारही आवाज एकाच गळ्यातून यायचे असतात. बाप खालच्या सुरांत धीर देतो. पोराची 'माइन फाटर' ही हाक तीनदा येते. दर वेळी पियानोच्या सुराला अर्ध्या स्वरावर घासते आणि आधीपेक्षा वर चढते. राजा मात्र मेजरमध्ये (उजळ वाटणाऱ्या स्वरपट्टीत), हळू आवाजात, लाडीगोडी लावत गातो. खरी भीती याच गोडव्यात आहे, आणि फिशर-डिस्काऊला ते पक्कं कळलंय. तो आवाज राक्षसी करत नाही, पातळ आणि मऊ ठेवतो. 'गेवाल्ट' (बळजबरी) या शब्दावर मात्र दात दिसतात. बरेच गायक पहिल्याच ओळीला घोगरा आवाज लावतात, मग पोराला मोह पडेल तो कशाचा?

मूरच्या उजव्या हाताकडे कान द्या. छापील वेग मिनिटाला १५२ ठोके, ठोक्यात तीन सूर, म्हणजे सेकंदाला साडेसातच्या आसपास, तेही अष्टकांत (एकच सूर खाली-वर जोडीने). मनगट आखडलं की टापांचा नुसता गोंगाट होतो. शूबर्टने स्वतःच एका आवृत्तीत हे तीनाचे दोन करून सोपं केलं होतं. शेवटी घोडा थांबतो, पियानो गप्प होतो आणि 'वार टोट' (मेलेलं होतं) हे शब्द उघडे पडतात. तिथे मूर घाई करत नाही.

'टोड'मध्ये (१८१७) मुलगी धडपडत विनवते. मृत्यू जवळजवळ एकाच सुरावर, शांतपणे बोलतो आणि गाणं डी मेजरमध्ये विसावतं. 'डोपेलगेंगर' (१८२८, कविता जर्मन कवी हायनेची) बी मायनरमध्ये (उदास वाटणाऱ्या स्वरपट्टीत) आहे. चार मापांचे (तालाच्या चार खंडांचे) पोकळ स्वरसंघ फिरून फिरून येतात आणि रस्त्यावर उभा असलेला माणूस म्हणजे आपणच हे बोलणाऱ्याला कळतं, तेव्हा आवाज अगदी टिपेला जातो. हे ऐकताना फोनमधलं आवाज समान करणारं सेटिंग बंद करा, नाहीतर कुजबूज आणि किंकाळी एकाच उंचीची होतात. सुरुवात नीट ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवू नका.

उणीव एकच, पण मोठी: स्त्रीच्या तोंडची गाणी संचात नाहीत, त्यामुळे 'ग्रेटशेन आम श्पिनराडे' (चरख्यावरची ग्रेटशेन) वेगळं घ्यावं लागतं. फिशर-डिस्काऊ कधीकधी व्यंजनं जरा जास्तच ठासून म्हणतो, पण शब्द धरून ऐकणाऱ्याला त्याचा फायदाच होतो.