पॉलियुरेथेनचे स्टॅबिलायझर बुश: माल चांगला, पण डब्यातून काढून तसाच बसवू नका

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगतो. गाडीचं झुकणं कमी करणाऱ्या पुढच्या दांडीसाठी, म्हणजे स्टॅबिलायझर बारसाठी, मिळणारं हे पॉलियुरेथेन (रबरासारखंच पण जास्त कडक प्लास्टिक, थोडक्यात पॉली) बुशचं किट माल म्हणून चोख आहे. बुश म्हणजे दांडीला भोवतीने धरणारा भोकाचा ठोकळा. माप बरोबर, कडा साफ, ब्रॅकेटमध्ये बसतंही घट्ट. पण विकतात तसंच्या तसं बसवलंत तर काही काळाने गाडी पुन्हा कुरकुरणार, आणि जुन्या रबरापेक्षा जास्त मोठ्याने. आतून खाचा कोरल्या आणि बार घासून घेतला, की तेच बुश गप्प बसतात. डब्यातलं जसं आहे त्याला ५ पैकी ३, हात फिरवल्यावर साडेचार. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. आतून गुळगुळीत असलेला कुठलाही पॉली बुश घ्या, गोष्ट हीच आहे.

माझं पोट यंत्रांच्या देखभालीवर चालतं. दिवसभर बेअरिंग, बुश, ग्रीस यांच्यातच हात असतात. कारखान्यातल्या यंत्रात गनमेटलचा बुश बसवताना त्याच्या आतल्या अंगाला तेलाची खाच असतेच. ती नसेल तर फिटर तो बुश हातातही धरणार नाही. म्हणून हे किट उघडून बोट आत फिरवलं तेव्हा पहिला प्रश्न हाच पडला, की इथे ग्रीस राहणार कुठे? भोक आतून आरशासारखं गुळगुळीत. बार बसला की लावलेलं ग्रीस दोन्ही बाजूंनी बाहेर ढकललं जाणार, मध्ये उरणार नुसता पातळ थर. तो वाळला की कोरडं पॉली आणि कोरडं लोखंड एकमेकांवर घासत बसणार.

ज्यांनी गाडीखाली कधी डोकं घातलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. स्टॅबिलायझर बार म्हणजे पसरट यू आकाराची पोलादी दांडी. दोन टोकं लिंकमधून चाकांच्या बाजूला जोडलेली, आणि मधला भाग दोन बुशांमध्ये धरून ब्रॅकेटने सबफ्रेमला, म्हणजे गाडीखालच्या लोखंडी सांगाड्याला, आवळलेला. वळणावर एक चाक वर, एक खाली झालं की दांडीला पीळ बसतो आणि गाडी कमी झुकते. पण रस्त्याच्या पूर्ण रुंदीच्या स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम चढतात. तेव्हा पीळ नसतोच, अख्खी दांडी बुशात फिरते. कुरकुर तिथेच, सावकाश जाताना सगळ्यात जास्त ऐकू येते ती यामुळे.

मूळ रबरी बुश वर्षानुवर्षं गप्प असतो तो गुळगुळीत असतो म्हणून नव्हे. दांडी थोडी फिरली की रबर स्वतःच तिच्याबरोबर पिळतं आणि परत येतं. घसरायची वेळ फार थोडी येते. रबराचा कडकपणा साधारण ५० ते ७० शोअर ए (कडकपणा मोजायचं एकक), पॉली बुशचा ८० ते ९५. इतका कडक बुश दांडीबरोबर पिळत नाही, त्याच्यावरून दांडीला घसरावंच लागतं. आणि ती सरळ घसरत नाही. अडकते, ताण साठतो, सुटते, पुन्हा अडकते. राळ लावलेला गज व्हायोलिनच्या तारेवर हेच करतो, फक्त तिथे ते ऐकायला लोक जमतात. थांबलेल्या पृष्ठभागांचं घर्षण सरकत्या घर्षणापेक्षा जास्त असतं तोवर हा खेळ चालू राहतो. तो मोडायचा असेल तर मधे वंगण टिकलं पाहिजे. बाकी कशानेही तात्पुरतंच भागतं.

किट मागवण्याआधी आवाज बुशाचाच आहे याची खात्री करा. समोरून येणारा प्रत्येक कुरकुराट स्टॅबिलायझरचा नसतो. लोअर आर्मचे बुशही अगदी असेच रडतात. लिंकचा बॉल जॉइंट गेला तर कुरकुर नाही, खडखड येते, बारीक खड्ड्यांवर टकटक होते. स्टीअरिंग जागेवर फिरवताना आवाज येत असेल तर शॉकअपच्या वरच्या माउंटकडे बघा. सोपी परीक्षा पाण्याची. बुशावर पाणी मारा, एकाला बंपरपाशी जोर देऊन गाडी खालीवर करायला सांगा आणि तुम्ही चाकाजवळ कान द्या. आवाज गेला आणि पाणी सुकल्यावर परत आला, तर चोर सापडला. आणखी पक्कं करायचं असेल तर दोन्ही लिंक सोडवून गाडी हळू चालवून बघा. बार तेव्हा काहीच काम करत नाही, त्यामुळे आवाजही नसायला हवा. वळणावर मात्र जपून, गाडी एरवीपेक्षा जास्त झुकेल.

एक अपवाद आधीच सांगतो. काही गाड्यांत रबर बारला कारखान्यातच चिकटवलेलं असतं. तिथे घसरण नसतेच, सगळं काम रबराच्या पिळावर चालतं. अशा बुशात ग्रीस घालायला जागा नाही आणि घालूही नये. चिकटलेलं रबर सुटलं असेल तर बुश किंवा अख्खा बार बदलायचा. या लेखातलं काहीही त्याला लागू नाही.

किट मागवताना नुसतं गाडीचं नाव सांगू नका. एकाच मॉडेलमध्ये इंजिन आणि साल बदललं की बारची जाडी बदलते. व्हर्नियर घेऊन स्वतः मोजा, तेही गंज किंवा फुगलेला रंग नसलेल्या जागी. बार २२ मिलिमीटरचा असेल तर बुश २२ चाच हवा. २१ चा बुश आवळून बसवता येतो, पण तो बारचा गळा धरून बसतो आणि मग कुठलंही ग्रीस उपयोगी पडत नाही.

आता खाचा. हेच खरं काम. मी गोल कानस वापरली, बारीक दातांची. बुशाला बसवण्यासाठी एका बाजूने काप असतोच, तो फाकवला की आतलं अंग हाताला येतं. मार्करने तिरप्या रेघा मारल्या, एक उजवीकडे जाणारी, एक डावीकडे, एकमेकींना छेदणाऱ्या. मग त्या रेघांवर कानस. खोली साधारण १ मिलिमीटर, रुंदी दोनएक. दोन्ही कडांपासून तीन-चार मिलिमीटर अलीकडे खाच थांबवायची. कडेपर्यंत नेली तर ग्रीसला बाहेर जायला आणि धुळीला आत यायला आपणच रस्ता करून दिला म्हणायचं. पॉली कानशीच्या दातांत भरतं, त्यामुळे दर थोड्या वेळाने तारेचा ब्रश मारावा लागतो. घाई असेल तर छोटं फिरतं ग्राइंडर चालतं, पण मंद गतीवर. जोरात फिरवलं की पॉली कापण्याऐवजी वितळतं आणि खाचेच्या काठावर गुठळ्या उभ्या राहतात. तोंडाला मास्क लावा, भुकटी बारीक असते. शेवटी साबणाने धुऊन कोरडं करायचं, आत एकही कण राहता कामा नये.

तितकंच लक्ष बारकडे द्या. जुना बुश काढला की त्याच्या जागी गंजाची एक कडी दिसते. बोट फिरवलं तर लागतेच. रबराच्या कडेशी चिखलपाणी साचतं, त्याचं हे काम. त्या कडीवर नवा बुश बसवणं म्हणजे कानशीवर बसवणं. ३२० चा एमरी पेपर, मग ६०० चा, पट्टीसारखा गुंडाळून दोन्ही हातांनी ओढायचा. चमक येण्याची गरज नाही, नखाला अडकलं नाही म्हणजे झालं. खोल खड्डे पडले असतील तर ते घासून काढायच्या भानगडीत पडू नका. बार बारीक होईल.

किटमधली ग्रीसची पुडी ही माझी मोठी तक्रार. ग्रीस चांगलं आहे, दाट, मधासारखं ओढलं जाणारं, सिलिकॉनचं. पण पुडी इतकी लहान की खाचा न कोरलेल्या बुशालाच जेमतेम पुरावी. खाचा भरायला वेगळी ट्यूब आणावी लागली. ट्यूब घेताना सिलिकॉन ग्रीसच बघा. चाकाच्या बेअरिंगचं खनिज तेलाचं ग्रीस घरात पडलेलं असतं म्हणून तेच लावायचा मोह होतो, आणि बुश रबरी असेल तर तो मोह महागात पडतो. तेलाने रबर फुगतं, मऊ पडतं. स्प्रेचंही तसंच. मारला की आवाज लगेच बंद, बघणारे खूश, पण पहिल्याच पावसात धुऊन जातो. शिवाय गंज सोडवायचा स्प्रे मारलात तर उरलंसुरलं ग्रीसही तो सोबत घेऊन जातो.

टेफ्लॉन टेपबद्दल लोक विचारतात. नळाच्या जोडाला लावतात ती पांढरी टेप बारवर गुंडाळायची आणि वर बुश चढवायचा. १९३८ साली फ्रिजच्या वायूंवर काम चालू असताना हा पदार्थ अवचित हाती लागला. तो कशालाच चिकटत नाही. अडचणही तीच, तो बारलाही धरून राहत नाही. पॉलीच्या कडक भोकात टेप लवकर गोळा होते, चुरगळते, आणि एका बाजूने शेपटीसारखी बाहेर येते. मूळ रबरी बुश अजून चांगला असेल आणि फक्त कुरकुरत असेल, तर तिथे टेप करून बघायला हरकत नाही. रबर तिला सांभाळून घेतं. पॉलीत खाचा केल्यावर तिची गरज नाही.

ब्रॅकेटला भोक पाडून ग्रीसचं निपल बसवणं हा आणखी एक उपाय. निपलसकट येणारे किट मिळत असतील तर जरूर घ्या, न उघडता गनने ग्रीस भरता येतं. माझे ब्रॅकेट दाबून बनवलेल्या पातळ पत्र्याचे आहेत. नेमका ज्या वळणावर सगळा जोर येतो तिथेच भोक पाडायचं माझ्या तरी मनाला पटलं नाही.

बसवताना पुढची दोन्ही चाकं सारख्याच उंचीवर हवीत, एक तर दोन्ही जमिनीवर किंवा दोन्ही स्टँडवर. एकच बाजू उचलली तर बारला पीळ बसलेला असतो आणि ब्रॅकेट सुटताना उडतो. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊ नका, हे वेगळं सांगायला नको. बुशाचा काप जुन्या बुशाचा जिकडे होता तिकडेच ठेवायचा. ग्रीस आत खाचांत दाबून भरायचं आणि थोडं बाहेरूनही, ब्रॅकेटला टेकतं त्या अंगाला. तिथूनही आवाज येतो, आणि तो शोधायला वेळ जातो. बोल्ट आधी हाताने चालवायचे, मग पाना, आणि शेवटी गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रेंच. लिंक जोडण्याआधी बार हाताने खालीवर करून बघा. जड पण एकसारखा फिरला पाहिजे. मधेच अडकत, टप्पे घेत फिरला तर उघडा आणि कुठे दाबलं जातंय ते शोधा, कारण तो हाताला लागणारा टप्पा म्हणजेच उद्याचा आवाज.

गाडीत फरक काय पडला? कुरकुर बंद. पावसाळा गेला तरी बंद. स्टीअरिंग वळवल्यावर गाडी किंचित लवकर ऐकते असं वाटतं, आणि एकाच चाकाखाली खड्डा आला तर आदळ थोडी जास्त जाणवते. विक्रेते सांगतात तसं गाडीचं झुकणं निम्म्यावर वगैरे येत नाही. बारचा ताठपणा त्याच्या व्यासाच्या चौथ्या घातावर ठरतो. २२ चा बार काढून २४ चा घातला तर तो साधारण ४० टक्क्यांनी ताठ होईल, बुश बदलून ते होणार नाही. बुश फक्त बारचं काम मध्येच रबरात जिरू देत नाही.

पावसाळ्यानंतर तेलबदलीच्या वेळी एका बाजूचा ब्रॅकेट उघडून पाहिला. कडेला करड्या रंगाचा लगदा साचला होता, वाळूचे कण मिसळलेला. आत बारवर ग्रीसचा थर पातळ झालेला, पण खाचा भरलेल्या आणि त्यातलं ग्रीस लावलं तेव्हासारखंच स्वच्छ. पुसून, थोडी भर घालून बंद केलं. पावसाळा संपला की एकदा उघडायचं, एवढी देखभाल पुरेशी वाटते.

ज्यांना हेही करायचं नाही, त्यांनी पॉलीच्या नादी लागू नये. तुमच्या गाडीसाठी आतून टेफ्लॉनचं अस्तर असलेला मूळ रबरी बुश मिळत असेल तर तो घ्या, बसवा आणि विसरा. पॉली त्यांच्यासाठी, ज्यांच्या गाडीला नवं रबर फार दिवस टिकत नाही, किंवा ज्यांना गाडीखाली जायला मुळातच आवडतं.

किटमधले नवे बोल्ट मात्र मी लावले नाहीत. डोक्यावर मजबुतीच्या ग्रेडचा आकडाच नव्हता. जुन्यांवर ८.८ स्पष्ट वाचता येतं, आटे शाबूत होते, म्हणून तेच ब्रशने साफ करून परत बसवले.