सेड आलं की काळ मागे ढकलायचा की राहू द्यायचा?

शाळेत इंग्रजीच्या डायरेक्ट-इनडायरेक्टचा तक्ता घोकलेला असतो, इजचं वॉज, विलचं वुड, कॅनचं कुड, आणि मग ऑफिसात बघतो तर लोक बिनधास्त 'ही सेड ही इज इन अ मीटिंग' म्हणतायत. मग आपण कुठलं धरायचं?

पेपर असेल तर विचारच नको, मागे ढकला, मार्क तिथेच आहेत. फक्त सेडच्या जागी सेज असेल किंवा सूर्य पूर्वेला उगवतो छाप कायमचं सत्य असेल तर काळाला हात लावू नका. आणि वुड, कुड, माइट, शुड आहेत तसेच राहतात, त्यांचं उगाच वुड हॅव करू नका (दर बॅचमध्ये दोघंतिघं करतातच).

खरी गंमत बोलण्यात आहे. मराठीत हे ढकलणं नाहीच ना. 'ती म्हणाली ताप आहे', संपलं, महिन्याने सांगा तरी 'आहे'च, उलट 'ताप होता' म्हटलं तर तो आधीच येऊन गेला असं होतं. म्हणून 'शी सेड शी हॅड अ फीव्हर' ऐकलं की आपल्याला वाटतं उतरला वाटतं. इंग्रजीत तसं नाही, ती बोलली तेव्हा ताप होता एवढंच, आता असेल नसेल. 'हॅज' ठेवलंत तर मात्र अजून आहे असं तुम्हीही म्हणताय.

मी एकदा मेलमध्ये 'द क्लायंट सेड दे विल पे बाय फ्रायडे' लिहिलं, ते पण मंगळवारी, शुक्रवार कधीच उलटलेला आणि पैशांचा पत्ता नाही. साहेबांना वाटलं येत्या शुक्रवारी येणार. वुड लिहिलं असतं तर निदान 'आले का?' असं तरी विचारलं असतं. त्यामुळे गोष्ट अजून खरी असेल तर तसंच ठेवा, मुदत टळली असेल किंवा खात्री नसेल तर मागे ढकला, मी तरी लिहिताना मागेच ढकलतो.

राहिला हॅड, म्हणजे मूळ वाक्यच भूतकाळात असेल तर लॉस्टचं हॅड लॉस्ट, वॉजचं हॅड बीन करायचं का. 'ही सेड ही लॉस्ट हिज की' बोलताना चालून जातं, किल्ली आधीच हरवली हे उघड आहे. पण मित्र फोनवर 'आय वॉज इन पुणे' म्हणाला आणि तुम्ही 'ही सेड ही वॉज इन पुणे' सांगितलंत, तर ऐकणारा समजणार की तो पुण्यातूनच बोलत होता, आणि जाईल भेटायला. तिथे हॅड बीन पाहिजेच.