लेबलवर सोमवार, पावतीवर शनिवार

मुरबाड रस्त्यालगत आमच्या जागेवर एक मारवाडी घोडी आहे. यंदा चैत्रात ती माजावर आली, तेव्हा राजस्थानातील एका देखण्या घोड्याचे थंड केलेले वीर्य पाठवतो, असे सांगणाऱ्या मध्यस्थाला मी 18,000 रुपये आगाऊ दिले. गोठित रेतमात्रेपेक्षा ताज्या थंड वीर्याने घोडी गाभण राहण्याची शक्यता बहुधा अधिक असते, हे त्याचे म्हणणे खोटे नव्हते. म्हणूनच मी गाफील राहिलो.

डबा निघाल्याचा त्याचा फोन आल्यावर, सोनोग्राफीत फॉलिकल, म्हणजे अंडाशयातील बीजाची पुटिका, 35 मिलिमीटरच्या पुढे गेलेले पाहून डॉक्टरांनी इंजेक्शन दिले. त्यानंतर साधारण 36 तासांत बीज सुटते, म्हणजे माघार नाही.

मंगळवारी सकाळी ठाण्यात खासगी बसच्या पार्सल कचेरीतून खोका आणला. साध्या थर्माकोलच्या खोक्यात नळ्या बर्फाच्या पिशव्यांना थेट चिकटलेल्या होत्या. हे वीर्य नुसते बर्फात ठेवून टिकत नाही: साय काढलेले दूध, ग्लुकोज आणि प्रतिजैविक घातलेल्या द्रावणात ते पातळ करून सावकाश 5 अंशांवर आणावे लागते, आणि 19 अंशांखाली घाई झाली की शुक्राणूंचे आवरण दुखावते. डॉक्टरांनी 37 अंशांवर उबवलेल्या काचपट्टीवर थेंब पाहिला, तर शंभरात पाच-सहा हलत होते, तेही जागच्या जागी गोल फिरत. मध्यस्थ फोनवर म्हणाला, “थंडीने सुस्तावलेत, आत गेल्यावर जागे होतील.” अहो, उबवूनच तर पाहिले होते!

लेबलवर ‘सोमवार, सकाळी 6’ एवढेच होते. घोड्याचे नाव नाही, शुक्राणूंची संख्या नाही. खोक्याच्या तळाला चिकटलेली बसची पावती मात्र शनिवारची निघाली. असे वीर्य 24 तास भरवशाचे, 48 तासांपर्यंत घोड्याच्या वकुबावर. इथे तिसरा दिवस उलटत होता. दुसरा उपाय नसल्याने तेच भरले. सोळाव्या दिवशीच्या सोनोग्राफीत गर्भ नव्हता.

आता मी पैसे देण्याआधी वीर्य काढल्याची वेळ आणि त्याच घोड्याच्या वीर्याचा 24 तास थंड ठेवल्यानंतरचा तपासणी अहवाल मागतो. भरताना सरळ पुढे जाणारे किमान 50 कोटी शुक्राणू उरावेत, म्हणून पाठवताना सुमारे 100 कोटी असल्याचे लेखी घेतो, आणि खोका हातात येऊन थेंब तपासल्यावरच उरलेली रक्कम देतो. मध्यस्थाने फोन उचलणे बंद केले आहे. त्या घोड्याचा तोच फोटो गेल्या आठवड्यात शहापूरच्या एका ओळखीच्या घोडेवाल्याला दुसऱ्याच नावाने आला.