व्हीपीएन : पेरणीपासून तुरीपर्यंत वापरल्यावर

पेरणीच्या आधी व्हीपीएन घेतलं होतं, म्हणजे आपली नेटवरची ये-जा कुलूपबंद करून एका कंपनीच्या सर्व्हरमार्फत पाठवणारी सेवा. आता तूर सोंगायला आली आहे. एवढे महिने घरात रोज चालवल्यावर लिहिते आहे. किती देशांत सर्व्हर, एका खात्यावर किती उपकरणं, हे जाहिरातीत असतंच, ते सोडून देते. आमच्या दर्यापूर तालुक्यातल्या गावात, लाईनच्या भरवशावर असलेल्या नेटवर ते चालतं का, एवढाच प्रश्न. चालतं. पण कंपनीच्या ॲपवर नाही, आणि एमटीयू नावाचा एक आकडा आपल्या हाताने घातल्याशिवाय नाही. तो आकडा बदलायची सोय ॲपमध्ये का नाही, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आधी कशासाठी घेतलं ते सांगते, कारण "आपल्याला काय लपवायचं आहे" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. गावातलं घरगुती नेट एक ओळखीचा माणूस पुरवतो. तालुक्यावरून रेडिओ लिंकने घेतो आणि घरोघरी वायर टाकतो. त्याच्याकडे वायरिंगला असलेल्या पोराने पानठेल्यावर माझ्या दिराला विचारलं, "भाऊ, तुमच्या घरी कोणी बिमार हाये काय? दवाखान्याच्या साईटी लई उघडून रायल्या." माझी मुलगी स्वतःच्या दुखण्याबद्दल वाचत होती. घरातसुद्धा तिने ते फक्त मला सांगितलं होतं. शहरात नेट पुरवणाऱ्याला तुम्ही ग्राहक क्रमांक असता. इथं तो तुमच्या सासऱ्यांना नावाने ओळखतो.

त्याला दिसत काय होतं, हेही नीट समजून घ्या. साईटच्या पत्त्याआधी https असेल तर पानावर आपण काय वाचलं ते मधल्या माणसाला दिसत नाही. पण साईट उघडण्याआधी आपलं यंत्र तिचा पत्ता डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरला, विचारतं, आणि राउटरमध्ये डीएनएस त्याचाच घातलेला असतो. म्हणजे नावांची यादी त्याच्याकडे आपोआप जमते. पैसे खर्च करायच्या आधी यावरचा फुकटचा उपाय करून बघा. ॲन्ड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ नंतरच्या फोनमध्ये, 'खाजगी डीएनएस' नावाची सेटिंग आहे. तिथं गूगल किंवा क्लाउडफ्लेअरच्या डीएनएसचं नाव टाकलं की हे विचारणं कुलूपबंद होतं. आमच्याकडे पहिले ते केलं. पण जोडणी सुरू होताना साईटचं नाव अजूनही बहुतेक वेळा उघडं जातं, त्यामुळे ज्याला बघायचंच आहे तो बघू शकतो. म्हणून पुढे व्हीपीएन.

फुकटचं व्हीपीएन घ्यायचं नाही हे आधीच ठरलं होतं. होला नावाची सेवा फुकट वापरणाऱ्यांचंच नेट दुसऱ्यांना विकते, हे २०१५ मध्ये उघड झालं. फेसबुकचं ओनावो लोकांच्या वापराची माहिती गोळा करत होतं, म्हणून २०१८ मध्ये ॲपलच्या दुकानातून ते काढावं लागलं. गावातल्या एका माणसापासून लपवून परदेशातल्या अनोळखी माणसाला द्यायचं, यात काय मिळवलं?

आता मुख्य दुखणं. पैसे भरले, ॲप टाकलं, त्यात वायरगार्ड नावाची जोडणीची पद्धत निवडली. मोबाईल डेटावर सगळं छान. घरच्या वायफायवर मात्र विचित्र प्रकार. व्हॉट्सॲपचा मजकूर जायचा, फोटो अडकायचा. गूगलवर शोधलं की यादी यायची, पण यादीतली साईट अर्धी उघडून थांबायची. मी कृषी केंद्रांचे हिशेब आणि जीएसटीची विवरणं भरते. लॉगिनचं पान यायचं, ओटीपी यायचा, आणि त्यानंतरचं मोठं पान कधीच यायचं नाही. व्हीपीएन बंद केलं की सगळं सुरळीत. विवरणाची शेवटची तारीख जवळ आलेली आणि दुकानदार काकाजींचा फोन, "बाई, आपलं झालं काय?" अशा वेळी काय वाटतं ते ज्याने भोगलं त्याला कळेल.

कंपनीच्या चॅटवर गेले. सर्व्हर बदला. ॲप काढून परत टाका. राउटर बंद करून चालू करा. दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस, पुन्हा हेच तीन उपाय त्याच क्रमाने. मी लिहून दिलं होतं की लहान गोष्टी जातात आणि मोठ्या अडकतात. शिवाय त्याच घरात, त्याच लॅपटॉपवर ओपनव्हीपीएन ही जोडणीची दुसरी पद्धत टीसीपीवर लावली तर सगळं उघडतं, फक्त हळू. ज्याला या कामाची जाण आहे त्याला एवढ्यावरून रोग ओळखता यायला हवा. उत्तर आलं, "आपल्या नेट पुरवणाऱ्याशी संपर्क साधा." ज्याच्यापासून लपायला हे घेतलं, त्याच्याचकडे जायला सांगत होते!

शेवटी वायरगार्डची माहिती स्वतः वाचून काढली. नेटवरून माहिती पाकिटांनी जाते आणि एका पाकिटाची जास्तीत जास्त लांबी म्हणजे एमटीयू. साध्या इथरनेटवर ती १५०० बाइट असते. व्हीपीएन प्रत्येक पाकिटाला आणखी एक वेष्टन घालतं. वायरगार्डचं हे वेष्टन आयपीव्ही४ वर, म्हणजे नेटवरच्या पत्त्यांच्या जुन्या पद्धतीवर, ६० बाइटचं आणि आयपीव्ही६ या नव्या पद्धतीवर ८० बाइटचं. १५०० मधून ८० वजा करून वायरगार्ड सहसा १४२० धरतं. शहरातल्या फायबरवर ते खपून जातं. आमच्याकडे तालुक्यावरून येणारी रेडिओ लिंक आधीच कुठल्या तरी दुसऱ्या बोगद्यातून, म्हणजे अशाच आणखी एका वेष्टनातून, येते, म्हणून तिची वाट मुळातच अरुंद. वरपर्यंत कापूस भरलेली गाडी जिनिंगच्या फाटकात अडकते आणि सायकलवाला शेजारून निघून जातो, तसं लहान निरोप जात होते आणि मोठी पानं अडत होती. खरं तर अशा वेळी वाटेतल्या राउटरने "पाकीट मोठं आहे, लहान करा" असा निरोप मागे पाठवायचा असतो. पण पुष्कळ ठिकाणी असे निरोप सुरक्षेच्या नावाखाली अडवून ठेवतात. मग पाठवणाऱ्याला पत्ताच लागत नाही आणि आपण फिरणाऱ्या चकरीकडे बघत बसतो.

आकडा कसा काढायचा ते सविस्तर लिहिते, कारण मराठीत मला हे कुठं सापडलं नाही. व्हीपीएन बंद ठेवा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग चालवा, म्हणजे एक चाचणीचं पाकीट पाठवून उत्तर येतं का ते बघणारी आज्ञा. त्याला 'तुकडे करू नको' हा पर्याय लावा, म्हणजे उणे चिन्ह आणि इंग्रजी एफ. मग उणे चिन्ह, इंग्रजी एल आणि १४७२ हा आकडा लिहून शेवटी कुठल्याही मोठ्या साईटचा आयपीव्ही४ पत्ता द्या. उत्तर आलं नाही तर आकडा कमी करत जा. माझ्याकडे १३७२ ला उत्तर आलं आणि १३७३ ला नाही. यात पिंगचं स्वतःचं ओझं २८ बाइटचं मिळवा, झाले १४००. म्हणजे आमच्या नेटची वाट १४०० ची. त्यातून वायरगार्डचे ६० गेले, राहिले १३४०. एवढा एकच आकडा घालायचा होता.

आणि कंपनीच्या ॲपमध्ये तो घालायला जागाच नाही. रंग बदलायची सोय आहे, जगाचा नकाशा आहे, नकाशावर हलणारे ठिपके आहेत. एमटीयूचा एक रकाना नाही. 'आपोआप' ठरवतो म्हणतात. आमच्याकडे आपोआप १४२० च राहिलं. भारतात खेडोपाडी रेडिओ लिंकवर, एकात एक बोगदे असलेल्या जोडण्यांवर किती घरं असतील! त्यांतली पुष्कळ माणसं "व्हीपीएनने नेट हळू होतं" असं म्हणून सोडून देत असणार. याच ठिकाणी मी पैसे परत मागायला निघाले होते, अर्जही लिहून ठेवला होता.

तो पाठवला नाही, कारण खात्याच्या पानावर कोपऱ्यात एक सोय दिसली. वायरगार्डची जोडणी फाईल उतरवून घेता येते. मग कंपनीचं ॲप काढून टाकलं आणि वायरगार्डचं स्वतःचं ॲप टाकलं. ते फुकट आहे आणि दिसायला अगदी साधं आहे, पण त्यात एमटीयूचा रकाना आहे. लॅपटॉपवर १३४० घातले आणि विवरणाचं पान पुरं उघडलं. फोनवर १२८० ठेवले, कारण फोन मोबाईल डेटावरही जातो आणि तिथं आयपीव्ही६ असतं. १२८० च्या खाली मात्र जाऊ नका, आयपीव्ही६ ला किमान तेवढे लागतातच.

तिथंच आणखी दोन गोष्टी तपासा. कोणती वाहतूक व्हीपीएनमधून जायची ते सांगणाऱ्या 'अलाउड आयपी' च्या रकान्यात ०.०.०.०/० (सगळं आयपीव्ही४) बरोबर ::/० (सगळं आयपीव्ही६) सुद्धा हवं. दुसरं नसलं तर आयपीव्ही६ ची वाहतूक बाहेरूनच जाते, आणि आपण समजतो की सगळं झाकलेलं आहे. 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह', म्हणजे जोडणी जागी ठेवणारा छोटा निरोप, २५ सेकंदांवर ठेवा. इकडे अनेक घरं एकाच बाहेरच्या पत्त्यामागे असतात, आणि जोडणी थोडा वेळ शांत राहिली की ती वाट बंद होते. मग आलेला व्हॉट्सॲप कॉल वाजतच नाही.

या बदलानंतर माझं मत बदललं, ते एका वेगळ्याच गोष्टीने. आमच्याकडे लाईन गेली की राउटर बंद पडतो आणि फोन मोबाईल डेटावर जातो. कंपनीचं ॲप अशा वेळी 'पुन्हा जोडत आहे' म्हणून अडकायचं. वायरगार्डला नेट बदललं तरी फरक पडत नाही, त्याच किल्लीने नव्या पत्त्यावरून बोलणं पुढे चालू राहतं. मुलगी ऑनलाइन तासाला बसलेली असताना लाईन गेली, क्षणभर चित्र थांबलं आणि तास पुढे सुरू झाला. टॉवरची बॅटरी उतरली की मग काहीच नाही, पण त्याला व्हीपीएन काय करणार?

यूपीआयबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण यात माणूस चारचौघांत अडकतो. काही बँकांची ॲप परदेशी पत्ता दिसला की उघडत नाहीत, म्हणून ती ॲप बोगद्याबाहेर ठेवायची असतात आणि वायरगार्डमध्ये तशी सोय आहे. पण ॲन्ड्रॉइडच्या सेटिंगमध्ये 'व्हीपीएनशिवाय कनेक्शन ब्लॉक करा' हे चालू असेल, तर बाहेर ठेवलेल्या ॲपला नेटच मिळत नाही. माझे मिस्टर पेट्रोल पंपावर कोड स्कॅन करून उभे आणि मागे गाड्यांची रांग! आता त्यांच्या फोनवर ती कडी बंद आहे आणि 'नेहमी सुरू' एवढंच ठेवलं आहे. मुलीच्या फोनवर यूपीआय नाही, तिथं दोन्ही चालू. स्वस्तातल्या फोनवर बॅटरी वाचवण्याच्या यादीतून वायरगार्डला वगळा, नाहीतर स्क्रीन बंद झाली की फोन त्याला मारून टाकतो.

भारताचा झेंडा असलेला सर्व्हर निवडला तरी तो भारतात असेल असं धरू नका. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इनने, म्हणजे सायबर सुरक्षा बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने, आदेश काढला. व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, दिलेला आयपी ही माहिती ५ वर्षं ठेवायची. त्यावर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन, प्रोटॉन यांनी इथली यंत्रं काढून घेतली. भारतीय पत्ता देणारा सर्व्हर सिंगापूरला असतो, कधी त्याहूनही लांब. नागपूर ते सिंगापूर सरळ रेषेत साडेतीन हजार किलोमीटर. तारेतून प्रकाशाला नुसतं जाऊन यायलाच पस्तीसेक मिलिसेकंद लागतात, आणि तार काही सरळ जात नाही. हिशेबाच्या कामाला ते जाणवत नाही. ऑनलाइन खेळ खेळणाऱ्या पोरांनी मात्र घेऊ नये. व्हीपीएन वापरणं आपल्याकडे गुन्हा नाही, हे विचारणारे बरेच भेटतात म्हणून लिहून ठेवते. गुन्हा केला तर तो व्हीपीएनमधूनही गुन्हाच.

नेटवाल्याला आता काय दिसतं? एकाच पत्त्याकडे जाणारी गिचमिड. साईटची नावं नाहीत. पण आमच्या घरी रात्री किती वाजेपर्यंत नेट चालू होतं आणि किती जीबी गेलं, हे त्याला आजही दिसतं, आणि कोणतंही व्हीपीएन ते लपवत नाही. शिवाय जे आधी त्याला दिसायचं ते आता व्हीपीएन कंपनीला दिसू शकतं. म्हणून बाहेरच्या संस्थेकडून तपासणी करून अहवाल छापणारी कंपनीच मी निवडली.

पैशांचं. भाव डॉलरमध्ये, त्यावर १८ टक्के जीएसटी. पहिली मुदत स्वस्त, आणि नूतनीकरणाचा भाव बारीक अक्षरात, जवळजवळ दुप्पट. कार्डवर आपोआप कपातीची परवानगी दिली असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँकेचा संदेश निदान २४ तास आधी यायला हवा. मी तेवढ्यावर न राहता बँकेच्या ॲपमधून ती परवानगीच रद्द करून टाकली.

सेवेला पाचपैकी तीन. एक गुण चॅटवरच्या त्या तीन उपायांसाठी कापला आणि एक एमटीयूच्या रकान्यासाठी. पुढच्या मुदतीला जुना भाव दिला तर राहीन. नाही दिला तर वायरगार्डची फाईल देणारी दुसरी कंपनी बघेन, कारण १३४० आणि १२८० हे आमच्या घरच्या नेटचे आकडे आहेत, तिथंही तेच लागतील. तालुक्यातल्या त्याच लिंकवर कोणी असेल तर आधी पिंग लावून बघा, तुमचाही आकडा याच्या आसपास निघेल.