रोममधली सणांच्या मुळांची वॉकिंग टूर: चार स्टार, पाचवा नाताळपायी गेला

आपली माणसं रोमला गेली की कलोसियम, व्हॅटिकन, जेलाटो आणि परत हॉटेल. आम्ही यावेळी मुद्दाम छोट्या ग्रुपची इंग्रजी वॉकिंग टूर घेतली जिचा विषय एकच, चर्चचे सण आणि रोजच्या प्रार्थना आल्या कुठून. खाली तक्रार पण आहे म्हणून कंपनीचं नाव लिहीत नाही. बरोबर आई होती, वसईची, ऑक्टोबरभर संध्याकाळची जपमाळ कधी न चुकवणारी, म्हणजे गाइडची परीक्षा घ्यायला माणूस घरचाच.

सुरुवात पॅन्थिऑनला. रोमन देवांचं हे देऊळ ६०९ च्या सुमारास पोप बोनिफेस चौथे यांनी मरियामाता आणि सगळ्या रक्तसाक्षींच्या नावाने चर्च केलं, तारीख होती १३ मे. सगळ्या संतांचा सण १ नोव्हेंबरला सरकला तो नंतर, आठव्या-नवव्या शतकात, आणि लगेच दुसऱ्या दिवशी मृतांचा दिवस पाळायची रीत फ्रान्समधल्या क्लुनीच्या मठातून पसरली. हे सगळं गाइडने छताच्या भोकाखाली उभं राहून झटपट सांगितलं. आतलं तिकीट टूरच्या पैशात धरलेलं नव्हतं, ते आधी विचारून घ्या.

मग फोरम, म्हणजे जुन्या रोमचा मुख्य चौक, आणि पैसे इथेच वसूल झाले. वरच्या रस्त्याच्या कठड्यावरून विटांची एक उंच, साधी, चौकोनी इमारत दिसते ती क्युरिया, रोमन सिनेट भरायची ती जागा. सातव्या शतकात तिचं चर्च झालं होतं आणि सातव्या शतकाच्या शेवटी पोप सर्जियस पहिले, म्हणजे सिरियन घराण्यातला माणूस, यांनी ठरवलं की मरियामातेच्या चार सणांना इथून सांता मारिया माज्जोरे या मरियामातेच्या मोठ्या चर्चपर्यंत मिरवणूक निघायची. २ फेब्रुवारी (बाळ येशूला मंदिरात नेलं तो दिवस), २५ मार्च (देवदूताने मरियेला निरोप दिला तो), १५ ऑगस्ट (मरियेचं स्वर्गारोहण), ८ सप्टेंबर (मरियेचा जन्म). आई एकदम म्हणाली, "अगं, ८ सप्टेंबर म्हणजे आपली मोत माउली!" बरोबरच, बांद्र्याची जत्रा भरते ती याच सणाला धरून. सण मुळात पूर्वेकडचा, जेरुसलेमच्या बाजूचा, तिथून रोमला आला आणि पुढे पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे. पुढे आम्ही त्याच टोकाकडे चालत गेलो, चढ आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी बसचं बघा.

सांता मारिया माज्जोरेच्या बाहेर सिक्युरिटीची लांब रांग, एप्रिल २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस यांना इथे पुरलं तेव्हापासून गर्दी वाढलीय. आत वेदीवरच्या कमानीची मोझेक पाचव्या शतकातली आहेत, नीट मान वर करून बघा. देवदूत निरोप घेऊन येतो तेव्हा मरिया राजघराण्यातल्या बाईसारखी नटून जांभळी लोकर कातत बसलीय, आणि मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, भेटायला येतात तर बाळ गव्हाणीत नाही, मोठ्या सिंहासनावर एकटं बसलंय! आपल्या नाताळच्या गोठ्याची सवय असलेल्या डोळ्यांना हे फार विचित्र वाटतं.

इथेच पोप पायस पाचवे यांची कबर आहे आणि गाइड सगळ्यात भारी बोलला तो तिच्यासमोर. "नमो मरिया" या प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग लूकच्या शुभवर्तमानातला, थोडा गॅब्रिएल देवदूताचा, थोडा एलिझाबेथचा, आणि कित्येक शतकं लोक तेवढंच म्हणायचे. "आम्हा पाप्यांसाठी, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी" हे शेपूट हळूहळू जोडलं गेलं आणि याच पायसच्या १५६८ च्या प्रार्थनाग्रंथात पक्कं झालं. जपमाळेच्या दीडशे नमो मरिया म्हणजे वाचता न येणाऱ्यांसाठी बायबलमधल्या दीडशे स्तोत्रांची जागा. जपमाळेच्या सणाची ७ ऑक्टोबर ही तारीख आली ती १५७१ च्या लेपांतोच्या आरमारी लढाईतून, जी त्या दिवशी ख्रिस्ती आरमाराने तुर्कांविरुद्ध जिंकली. संत डॉमिनिकला माळ मरियामातेने हातात दिली ही गोष्ट पण त्याने दंतकथा म्हणूनच सांगितली, आईला आवडलं नाही, मला आवडलं.

आता तक्रार. एवढा अभ्यासू माणूस नाताळवर आला आणि "सॅटर्नेलियाची कॉपी", म्हणजे सॅटर्न देवाच्या जुन्या रोमन सणाची, म्हणून मोकळा झाला. अरे बाबा, सॅटर्नेलिया १७ डिसेंबरला सुरू होऊन २३ पर्यंत आटपायचा. सूर्यदेवाच्या २५ डिसेंबरबद्दल बोलला असता तर निदान वाद तरी झाला असता, कारण ३५४ च्या रोमन पंचांगात सूर्याचा आणि ख्रिस्ताचा दोन्ही जन्मदिवस २५ डिसेंबरलाच आहेत. आणि दुसरं म्हणणं असं की २५ मार्चला गर्भधारणा धरून नऊ महिने मोजले की तारीख आपोआप येते. अभ्यासकांचं अजून भांडण चालू आहे, ते तसंच सांगायचं ना. बरं, २५ मार्च तर हाच माणूस फोरमजवळ आपल्या तोंडाने बोलून आला होता!! मी विचारलं तर हसून पुढे चालायला लागला.

बाकी माझा इअरफोन सारखा खरखरत होता, बदलून मागा, देतात. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला. जमलं तर ५ ऑगस्टच्या आसपास तारीख घ्या, त्या दिवशी माज्जोरेमध्ये भर ऑगस्टात इथे बर्फ पडला या दंतकथेची आठवण म्हणून छतातून पांढऱ्या पाकळ्या सोडतात, उन्हाने मात्र जीव जातो.